डीपीचा सूर आणि पोकळ बेस

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रात्री साडेनऊनंतर ट्रकांची वर्दळ कमी झाली की कोपऱ्यावरच्या डीपीचा आवाज वेगळा ऐकू येतो. एकसारखा, जाड, न थांबणारा. आपण तो 'गूंऽऽ' म्हणून सोडून देतो. माझ्या भाच्याला मात्र त्याने छळलं. मित्राच्या गाळ्यात बसून तो नुकतीच घेतलेली जुनी बेस गिटार लावत होता. मोबाइलवरचा ट्यूनर सूर बरोबर दाखवत होता, पण सगळ्यात बारीक तार छेडली की आवाज सरळ न राहता हेलकावे खायचा. सेकंदाला दोन. "मामा, हिच्यात काहीतरी बिघाड आहे," तो म्हणाला. मी त्याला गिटार घेऊन गाळ्याच्या आतल्या खोलीत जायला सांगितलं. दार लावलं, हेलकावे गेले.

आपली वीज ५० हर्ट्झची. डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या पोलादी गाभ्यातलं चुंबकत्व एका आवर्तनात दोनदा कळसाला जातं, एकदा या दिशेने आणि एकदा उलट. दोन्ही वेळा पोलाद केसाच्याही कितीतरी लहान अंशाने लांब होतं आणि पुन्हा आखडतं. म्हणून डीपी ५० नव्हे, १०० हर्ट्झवर गुणगुणते. बेसची बारीक तार, जिला वादक 'जी' म्हणतात, ती ९८ हर्ट्झची. दोन सूर इतके जवळ आले की त्यांच्या फरकाइतके हेलकावे कानाला ऐकू येतात. शंभरातून अठ्ठ्याण्णव गेले, राहिले दोन.

गंमत इथेच संपत नाही. जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट ठेवलं की ४९ हर्ट्झ, म्हणजे वीजपुरवठ्याच्या अगदी शेजारी. मिनिटाला २,८८० फेरे घेणारी मोटार सेकंदाला ४८ फेरे घेते. थोडक्यात, सगळी वसाहत दिवसरात्र 'जी'च्या आसपास बेसूर गात असते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथला ट्रान्सफॉर्मर १२० वर गुणगुणतो, आणि तो आकडा दोन स्वरांच्या मधल्या फटीत पडतो. तिथल्या बेसवादकाला हा शेजारी इतका चिकटत नाही.

भाच्याची बेस 'सेमी-हॉलो' जातीची. वरून दोन बाजूंना व्हायोलिनसारखी एफ-आकाराची भोकं, आत दोन पोकळ कप्पे आणि मधोमध खालपासून वरपर्यंत लाकडाचा भरीव ठोकळा. या ठोकळ्याची कूळकथा मला फार आवडते. १९४० च्या सुमारास लेस पॉल हा वादक रविवारी न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या बंद कारखान्यात जायचा. तिथे त्याने चार बाय चार इंचाच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा ताणल्या आणि पिकअप बसवला. आवाज छान, पण रूप बघवेना. म्हणून त्याने एक पोकळ गिटार उभी कापून तिचे दोन पंख ओंडक्याला चिकटवले. गिब्सनने १९५८ मध्ये ईएस-३३५ ही गिटार आणि ईबी-२ ही बेस काढली तेव्हा हीच मांडणी देखण्या रूपात बाजारात आली. जर्मनीच्या हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस त्याआधीची, १९५६ ची. पण तिच्यात ठोकळा नाही, ती पूर्ण पोकळ. पॉल मॅकार्टनीने हॅम्बुर्गमध्ये १९६१ साली घेतलेली बेस तीच. १९७२ मध्ये ती चोरीला गेली आणि सापडल्याची बातमी २०२४ मध्ये आली.

दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "पोकळ आहे, त्यामुळे बेस जास्त मिळतो." हे चूक आहे, आणि का चूक आहे ते कळायला मिरजेचा तंबोरा डोळ्यांसमोर आणावा. तंबोऱ्याची तार स्वतः हवा फारशी हलवू शकत नाही, ती फारच बारीक. ती आपली ऊर्जा घोडीतून तबलीला देते, तबली आणि भोपळा हवेला हलवतात. तारेचं जे गेलं ते आपल्या कानाला मिळालं. इलेक्ट्रिक बेसमध्ये पिकअप, म्हणजे लोहचुंबक आणि कॉइल, थेट तारेची हालचाल टिपतो, बॉडीच्या आवाजाशी त्याला कर्तव्य नाही. त्यामुळे तारेने बॉडीला दिलेली प्रत्येक ऊर्जा पिकअपच्या हिशेबात तोटा. तंबोऱ्यात पोकळी कमावते, इथे ती खर्च करते.

शिवाय सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची. हवेत तिच्या एका लहरीची लांबी सव्वाआठ मीटर भरते. चाळीसेक सेंटिमीटरच्या खोक्याने ती उचलून फेकावी ही अपेक्षाच चुकीची. माणसापेक्षा उंच डबलबासलाही ते नीट जमत नाही. मग आपण तो खर्ज ऐकतो कसा? ८२, १२३, १६५ हे वरचे स्वरांश कानावर पडले की मेंदू त्यांच्यावरून मुळातला ४१ स्वतःच भरून घेतो. मोबाइलच्या टिचभर स्पीकरवर बेसची ओळ समजते ती याच उसनवारीवर.

मग हा खर्चिक पोकळ प्रकार घ्यावा कशाला? त्या खर्चासाठीच. भरीव बेसचा सूर लांबत जातो. पोकळीचा सूर 'ठुम्' करून फुलतो आणि लवकर ओसरतो. दोन सुरांमध्ये हवा राहते. संथ गाण्यात, भावगीताच्या साथीला, मला तो जास्त माणसात आल्यासारखा वाटतो. वजनही हलकं, दोन तासांच्या कार्यक्रमानंतर खांदा शाबूत.

निवडताना दोन गोष्टींवर डोळा ठेवावा. एक, तारेची लांबी. फेंडरने १९५१ मध्ये पहिली प्रिसिजन बेस आणली तेव्हापासून ३४ इंच हे माप रूढ झालं. पण पोकळ बेसांपैकी पुष्कळशा ३० ते ३०.५ इंची असतात. तीच तार, तोच सूर, पण लांबी ३४ वरून ३० वर आणली की ताण वर्गाच्या हिशेबाने उतरतो, जवळजवळ २२ टक्के. हाताला मऊ लागतं, लहान बोटांना सुख, पण जाड तार ढिली पडून फ्रेटांवर खडखडते. उपाय म्हणजे थोडी जाड तार. दुकानात आखूड मापाचा संच मिळाला नाही म्हणून लांब मापाच्या तारा कापून बसवू नयेत. जाड गुंडाळी खुंटीभोवती वळत नाही, आणि चुकीच्या जागी कापली तर गाभ्यावरची वीण सुटत जाते. त्या तारेची मग शोभेची वस्तू होते.

दुसरी गोष्ट, मेलेला सूर. नेक म्हणजे एका टोकाला पकडलेली लाकडी पट्टी, तिचीही स्वतःची कंपनं असतात. एखाद्या फ्रेटवरचा सूर नेमका त्या कंपनाशी जुळला की नेक तारेची ऊर्जा गिळतं आणि तो सूर 'ठप्' होऊन बसतो. म्युनिकजवळच्या हेल्मुट फ्लायशर या संशोधकाने गिटार आणि बेसांची अशी मोजमापं काढली आहेत. बेसवर हा प्रकार बहुधा बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सापडतो. घेताना अॅम्प बंद ठेवून एकेक फ्रेट वाजवावा आणि सूर किती टिकतो ते मनातल्या मनात मोजावं. आमच्या बेसचा सहावा फ्रेट मेलेला निघाला. गाळ्यात सी-क्लॅम्पला तोटा नव्हता. खुंट्यांच्या डोक्याला पुठ्ठ्याच्या दोन घड्या लावून एक छोटा क्लॅम्प आवळला. वजन वाढलं, नेकची कंपनसंख्या खाली सरकली, सहावा फ्रेट जिवंत झाला. मेलेपणा नाहीसा होत नाही, फक्त दोन स्वरांच्या मधल्या फटीत सरकतो. दिसायला मात्र प्रकार भयंकर.

वरची फळी प्लायवूडची आहे म्हणून नाक मुरडण्याचंही कारण नाही. या जातीच्या नावाजलेल्या गिटारांतही ती चिकटवलेल्या पातळ थरांचीच असते. ताठ फळी अॅम्पच्या आवाजाने लवकर थरथरत नाही, म्हणजे घुमण्याचं संकट कमी. नेकवर मात्र शिसव असली तर तिला सलाम करावा. जगभरच्या गिटारांच्या नेकवर आपली दक्षिणेतली शिसव गेली आहे. २०१७ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली तेव्हा वाद्यनिर्माते हवालदिल झाले होते. तयार वाद्यांना सूट मिळायला २०१९ उजाडलं.

आता दुरुस्ती. भाच्याच्या बेसला दोन पिकअप होते. नेकजवळचा चालू, पण आवाज चिखलात पाय रुतल्यासारखा. ब्रिजजवळचा, म्हणजे घोडीजवळचा, मुका. पिकअप कुठे बसतो यावर त्याला काय ऐकू येतं हे ठरतं. तारेच्या चौथ्या भागावर बसवलेल्या पिकअपला चौथा स्वरांश ऐकूच येत नाही, कारण त्या जागी तो स्वरांश हलत नसतो. ब्रिजजवळ बसलेल्याला सगळेच ऐकू येतात, पण मुळातला सूर क्षीण. म्हणून दोन्ही हवेत. मल्टिमीटर लावला तर मुक्या पिकअपची कॉइल तुटलेली.

शेजारच्या गल्लीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मिस्त्रींनी पिकअप हातात घेतला, भिंगातून पाहिला आणि विचारलं, "ही वायर आहे का केस?" प्रश्न रास्त होता. तिची जाडी ०.०६३ मिलिमीटर, आणि तिचे हजारो वेढे. पण तत्त्व मिस्त्रींच्या रोजच्याच ओळखीचं. चुंबकीय क्षेत्र बदललं की वेटोळ्यात वीज उपजते, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. डीपी त्याच्यावर चालते, मोटार चालते, पिकअपही. आणि डीपीशी असलेलं हे नातंच पिकअपला भोवतं. तार हलल्याने बदललेलं क्षेत्र आणि बाहेरच्या वेल्डिंग मशीनने बदललेलं क्षेत्र यांत त्या बिचाऱ्या कॉइलला फरक कळत नाही. सेथ लव्हरने गिब्सनसाठी १९५५ मध्ये यावर तोडगा काढला: शेजारी शेजारी दोन कॉइल, वेढे उलट, चुंबकही उलट. तारेचा आवाज दोन्हींत मिळून दुप्पट होतो, बाहेरची घरघर एकमेकींना छाटते. अंबडसारख्या ठिकाणी बेस घ्यायची तर असाच पिकअप बघावा, एवढं मी छातीठोकपणे सांगेन. एकाच कॉइलचा असेल तर निदान वाजवताना अंगाची दिशा बदलून पाहावी. एका कोनात घरघर चक्क बसते.

मिस्त्रींना तुटलेली जागा बाहेरच्या टोकालाच सापडली. त्यांनी श्वास रोखून डाग दिला. पुन्हा वेढे घालायची वेळ आली नाही हे आमचं नशीब. मग मेण वितळवून, भांडं गरम पाण्यात ठेवून, पासष्ट अंशांच्या आसपास पिकअप त्यात बुडवला. बुडबुडे थांबेपर्यंत. सुटे वेढे मेणात घट्ट बसले की ते आवाजाने थरथरत नाहीत आणि पिकअप माइकसारखा वागत नाही.

खरी परीक्षा पुढे होती. भरीव बेसच्या पाठीमागे झाकण असतं, स्क्रू काढले की सगळी वायरिंग समोर. सेमी-हॉलोला झाकण नाही. व्हॉल्यूमचे पॉट, जॅक, सगळं एफच्या भोकातून बाहेर काढायचं आणि तिथूनच परत न्यायचं. युक्ती अशी की काढण्याआधी प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा बांधायचा. पॉट भोकातून बाहेर येतो, दोरा आत वाट धरून राहतो. परत बसवताना तोच दोरा ओढला की पॉट आपल्या खिडकीशी येऊन उभा. आम्ही संक्रांतीचा उरलेला पतंगाचा साधा दोरा वापरला. काचेचा मांजा वापरून वायरींची सालं काढू नयेत. भाच्याने पहिल्या प्रयत्नात जॅकला दोरा बांधायचं विसरून पाऊण तास घालवला. त्या पाऊण तासातली भाषा पुरवणीत छापण्याजोगी नाही.

बदल किती दूर नेता येतात याचं टोक पाहायचं तर १९७० च्या सुमाराचं सॅन फ्रान्सिस्को बघावं. फिल लेश आणि जॅक कसाडी या दोन वादकांच्या गिल्ड कंपनीच्या पोकळ बेसा रॉन विकरशॅम आणि मंडळींनी उघडल्या आणि आत छोटा अॅम्प्लिफायर बसवला. पिकअपचा दुबळा संदेश लांब केबलमध्ये जायच्या आधीच बळकट केला. अलेम्बिक ही कंपनी आणि आजच्या 'अॅक्टिव्ह' बेसा या उद्योगातूनच पुढे आल्या. केबलही स्वर खाते हे अनेकांना खरं वाटत नाही. पाच हेन्रीची कॉइल आणि सहा मीटर केबलचे सहाशे पिकोफॅरड धरले तर २,९०० हर्ट्झच्या वरचं सगळं गळायला लागतं. लांब केबलवर बेस मऊ वाटते ती यामुळे.

आम्ही तिथवर गेलो नाही. घुमणं मात्र थांबवावं लागलं. अॅम्प फळीला हलवतो, फळी तारेला, तार पिकअपला, पिकअप पुन्हा अॅम्पला. आवाज वाढवला की हे चक्र हंबरू लागतं. सोफ्याच्या फोमचे तुकडे एफच्या भोकांतून आत सरकवले. दोन्ही कप्पे भरल्यावर बेस अगदी शहाणी झाली, इतकी की पोकळ घेतली कशाला असं वाटावं. मग एका कप्प्यातला फोम काढला. हेच प्रमाण सगळ्यांना लागू पडेल असं नाही, ज्याच्या त्याच्या खोलीवर आहे. अर्थिंग तपासल्याशिवाय मात्र कोणी तारांना हात लावू नये. बेसच्या तारा थेट अॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, आणि जुन्या गाळ्यांतल्या तीन पिनांपैकी तिसरी पुष्कळदा नुसती शोभेला असते.

सगळं जुळून आलं त्या रात्री वीज गेली. अॅम्प गप्प, पंखे गप्प, कोपऱ्यावरची डीपीही गप्प. भाचा अंधारात तसाच वाजवत राहिला. भरीव बेस असती तर दोन हातांवर काही ऐकू आलं नसतं. ही त्या गाळ्यात पलीकडच्या लेथपर्यंत येत होती, पातळ, पण स्पष्ट. त्याने बारीक तार मोकळी छेडली आणि थांबला. हेलकावा नव्हता.

"मामा," तो म्हणाला, "लाइट जरा उशिरा आली तरी चालेल."