एक जादा अट

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपली युनिक्स प्रणाली, म्हणजे बीएसडी, लोकांच्या हाती दिली तेव्हा परवान्यात एक साधं कलम घातलं होतं: या सॉफ्टवेअरचा उल्लेख असलेल्या प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाचं नाव छापा. मागणी रास्त होती. कोड फुकट, बदलायची मुभा, विकायचीही मुभा. बदल्यात फक्त नाव घ्यायचं. पण पुढे ज्यांनी ज्यांनी भर घातली, त्यांनी परवान्याची नक्कल करताना विद्यापीठाच्या जागी आपापलं नाव टाकलं. १९९७ च्या नेटबीएसडीत मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी वाक्यं मोजली, तर ती ७५ भरली. पाव पानाच्या जाहिरातीत पाऊण पान श्रेयनामावली!

हा गैरसोयीचा भाग झाला. कायद्याचा पेच वेगळाच होता. स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्यात, १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत, एक वाक्य आहे: हा कोड पुढे देताना घेणाऱ्यावर तुम्ही आपली आणखी कोणतीही अट लादायची नाही. जाहिरातीचं कलम म्हणजे नेमकी ती जादा अट. दोन्ही परवाने मुक्त, दोन्हींचा हेतू चांगला, तरी दोन्हींखालचा कोड एका प्रोग्रॅममध्ये मिसळून वाटायची सोय नाही. मुक्तस्रोत परवान्यांमधली गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली बहुतेक भांडणं या एका वाक्याशी येऊन थांबतात. ती मिटली कशी, हे पाहत गेलं की मात्र कलमांपेक्षा मालकीचाच हिशेब जास्त दिसतो. जिथे सगळा कोड एकाच्या नावावर, तिथे एका सहीत काम झालं. बर्कलीचंही तसंच झालं. जुलै १९९९ मध्ये विद्यापीठाने एक पत्र काढलं आणि आपल्या कोडपुरतं ते कलम रद्द केलं. बाकीच्यांची नावं ज्यांच्या त्यांच्या परवान्यात राहिली.

त्याच काळात केडीईचं प्रकरण पेटलेलं होतं. १९९६ साली ट्युबिंगेनचा विद्यार्थी माथियास एट्रिख याने लिनक्ससाठी नीटस डेस्कटॉप करायला घेतला. खिडक्या, बटणं, मेन्यू यांसाठी त्याने नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीची क्यूटी ही लायब्ररी निवडली. लायब्ररी उत्तम, पण बदललेली क्यूटी वाटायला तिच्या परवान्यात मनाई. केडीई जीपीएलखाली. स्वतःच्या कोडचं केडीईवाल्यांनी काहीही करावं. पण त्यांनी इतरांचाही जीपीएल कोड उचलला होता आणि त्या इतरांना कोणी विचारलं नव्हतं. ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी क्यूटीच्या परवान्याच्या कारणावरून नोम हा दुसरा डेस्कटॉप सुरू केला. ऑक्टोबर १९९८ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाने केडीई काढून टाकलं. ट्रोलटेकने मग नवा परवाना आणला. तो मुक्त होता, तरी जीपीएलशी जुळत नव्हताच. शेवटी सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएलखाली आली आणि वाद संपला. म्हणजे संपायला हवा होता. स्टॉलमन यांनी लगेच लिहिलं की केडीईवाल्यांनी आधीच्या उल्लंघनाबद्दल मूळ लेखकांकडून क्षमा मिळवावी. कायद्याच्या काटेकोर अर्थाने त्यांचं चूक नव्हतं, पण तह झाल्याच्या दिवशी असं बोलायचं नसतं. केडीईवाले संतापले, ते मला तरी समजण्यासारखं वाटतं. लिनक्सवर आजही दोन मोठे डेस्कटॉप नांदतात, त्याचं मूळ या भांडणात आहे.

जानेवारी २००४ मध्ये अपाचे परवान्याची दुसरी आवृत्ती आली. पेटंटवरून दावा ठोकणाऱ्याचा पेटंट-हक्क त्यात काढून घेतला जातो. स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला कलम आवडलं, पण जीपीएल २ च्या दृष्टीने तीही जादा अटच. जून २००७ च्या जीपीएल ३ मध्ये त्यासाठी मुद्दाम जागा केली. अपाचेचा कोड जीपीएल ३ च्या प्रोग्रॅममध्ये घेता येतो. उलट नेता येत नाही. आणि यातून एक नवं त्रांगडं उभं राहिलं: ‘फक्त जीपीएल २’ आणि जीपीएल ३ एकमेकांशीच जुळेनात. लिनक्सचा गाभा ‘फक्त २’ वर आहे. त्याचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांना तिसरी आवृत्ती पसंत नव्हती. पण असती तरी हजारो लेखकांच्या सह्या कोण आणणार होतं?

‘किंवा नंतरची कोणतीही आवृत्ती’ एवढे शब्द सुरुवातीलाच लिहून ठेवले असतील तर किती सुटका होते, ते विकिपीडियाने दाखवलं. तिथले लेख जीएफडीएल परवान्याखाली, याच शब्दांसह लिहिले जात होते. नोव्हेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्या परवान्याची १.३ आवृत्ती काढून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याकडे जाण्याची, १ ऑगस्ट २००९ पर्यंतच उघडी राहणारी, खिडकी ठेवली. जून २००९ मध्ये विकिपीडिया त्यातून पार झाला. २००३ पासून चाललेला मराठी विकिपीडियाही त्यात आला. प्रत्येक लेखकाला गाठावं लागलं नाही.

झेडएफएस या फाइल सिस्टिमचं घोडं मात्र अजून अडलेलं आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये झेडएफएससह ओपनसोलारिस ही प्रणाली खुली केली ती सीडीडीएल या स्वतःच्या परवान्याखाली. तो जीपीएलशी जुळू नये अशीच रचना होती, असं सनमध्ये काम केलेल्या डॅनीझ कूपर २००६ च्या डेबियन परिषदेत म्हणाल्या. सनच्याच सायमन फिप्स यांनी ते नाकारलं. २०१६ मध्ये उबुंटू या लिनक्स वितरणाने झेडएफएस सोबत द्यायला सुरुवात केली, तेव्हा सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने हे उल्लंघन असल्याचं जाहीरपणे सांगितलं. उबुंटूच्या वकिलांचं मत उलटं. कोर्टात कोणीच गेलं नाही. २०१० मध्ये सन विकत घेतलेल्या ओरॅकलने मनावर घेतलं तर निदान मूळ कोडपुरती गाठ सुटेल. जानेवारी २०२० मध्ये टॉरवाल्ड्स म्हणाले की ओरॅकलच्या मुख्य वकिलाच्या किंवा खुद्द कंपनीचे सहसंस्थापक लॅरी एलिसन यांच्या सहीचं पत्र आल्याखेरीज ते हा कोड घेणार नाहीत. एका सहीचाच प्रश्न, पण सही करणाऱ्याला गरज नाही.

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं याच्या बरोबर उलट. तिथे इच्छा होती, मालक विखुरलेले होते. बर्कलीच्या धर्तीचं जाहिरात-कलम तिच्या परवान्यात १९९० च्या दशकापासून होतं, त्यामुळे ती वापरणारे जीपीएल प्रोग्रॅम आपल्या परवान्याला अपवादाचा एक परिच्छेद जोडत. २०१७ मध्ये प्रकल्पाने परवाना बदलायचं ठरवून जुन्या लेखकांना ईमेल पाठवले. उत्तर न आल्यास संमती धरू, असं त्यात म्हटल्यावर ओपनबीएसडीचे थिओ डी राट भडकले, आणि योग्यच भडकले. गप्प बसलेल्या माणसाची मालमत्ता अशी घेता येत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ओपनएसएसएल ३.० अपाचे २ खाली बाहेर पडली. जीपीएल ३ शी ती आता बिनतक्रार जुळते. ‘फक्त २’ वर असलेल्या प्रोग्रॅमना तो अपवादाचा परिच्छेद अजूनही लागतो.