बराकपूरचा नवशिक्या आणि पोकर
पश्चिम बंगालच्या १९५७ च्या जुगारविषयक कायद्याने ब्रिज, रमी यांच्याप्रमाणे पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळले होते. तथापि २०२५ च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, देशभर बंदी घातल्यामुळे बराकपूरच्या नवशिक्याला आता ऑनलाइन पोकर बिनपैशाच्या चिपांवरच शिकावे लागते, आणि शिकण्यापुरते त्यात काही उणे पडत नाही. ‘टेक्सास होल्डेम’ या रूढ प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात, मध्ये टप्प्याटप्प्याने पाच सामाईक पाने उघडतात आणि या सातांतून उत्तम पाच पानांचा हात धरला जातो. पहिल्या दोन पानांत जोडी येण्याची शक्यता सतरांत एक असल्याने जाणते खेळाडू बहुतेक हात पहिल्याच फेरीत सोडून देतात. यालाच ‘फोल्ड’ म्हणतात.