नर की मादी? सात वर्षांनी कळेल!

रातांब्याचं, म्हणजेच कोकमाचं, बी रुजलं की पुढे त्याचं फारसं कौतुक करावं लागत नाही. नारळी-पोफळीच्या सावलीतही ते वाढतं, फवारणी मागत नाही, पाण्यासाठीही अडून बसत नाही. अडचण वेगळीच आहे. झाड नर आहे की मादी, हे फुलं येईपर्यंत ओळखता येत नाही आणि फुलं यायला सहा-सात वर्षं लागतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी झाडं नर निघतात. त्यांना फळ धरत नाही.

कोकणात आंब्या-काजूच्या बागा उभ्या राहिल्या; कोकम मात्र बांधावर आणि परसातच राहिलं, त्यामागचं हे एक मोठं कारण.

एरवी या झाडानं द्यायचं काही बाकी ठेवलेलं नाही. फळ फोडून साल वेगळी काढतात, गराच्या रसात मीठ घालून तिला भिजवतात, उन्हात टाकतात, वाळली की पुन्हा रसात. अशी पुटांवर पुटं चढली की काळसर, लवचीक आमसूल तयार होतं. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ. सोलकढीला तो रंग आणि आंबटपणा देतो. साखरेत मुरवलेल्या सालींचं सरबत होतं. बियांचं तेल एरवी घट्ट गोळा असतं, पण टाचेच्या भेगांवर चोळलं की विरघळू लागतं. साबण आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांनाही ते हवं असतं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

तरीही दरवर्षी कितीतरी रातांबे झाडाखालीच कुजतात, कारण फळ ऐन पावसाच्या तोंडावर पिकतं. आभाळ भरून आलं की साली वाळणार कशा?

या दोन्ही दुखण्यांवर दापोलीच्या कृषी विद्यापीठानं उपाय दिले आहेत. 'कोकण अमृता' ही त्यांची जात पावसाआधी तयार होते, तर 'कोकण हातीस'ची फळं चांगली मोठी असतात. कोवळ्या रोपावर मादी झाडाची काडी बांधून मृदुकाष्ठ कलम केलं की नर-मादीचा प्रश्नच उरत नाही आणि फळही लवकर येतं. काडी मात्र सरळ वर जाणाऱ्या फांदीचीच हवी. आडव्या फांदीची काडी घेतली, तर कलम जमिनीलगत पसरत राहतं. रोपवाटिकेत हा फरक सहज नजरेतून सुटतो.

तेव्हा यंदा पावसाळ्यात परसात कोकम लावणार असाल, तर बियांचं रोप स्वस्त मिळतंय म्हणून उचलू नका. काडी उभ्या फांदीची आहे ना, हे विचारूनच मादी कलम घ्या. पाच-दहा गुंठ्यांवर लावत असाल, तर परागीभवनासाठी त्यांत साधारण दहा टक्के नर कलमं ठेवा.