माळ्यावरची ऊब, छपरावरचा बर्फ

अमेरिकेतल्या मिनेसोटा, मॅसॅच्युसेट्ससारख्या थंड राज्यांत एसीचे यंत्र आणि डक्ट काही घरांत छपराखालच्या माळ्यावर बसवतात.

• बर्फाचा बांध : घरातली ऊब माळ्यावर चढते आणि छपरावरचा बर्फ खालून वितळतो. पाणी थंड वळचणीशी पोचले की पुन्हा गोठून बांध तयार होतो. त्यामागे तुंबलेले पाणी शिंगल्सखालून घरात झिरपते.

• एसीचा संबंध : डक्टसाठी छताला पाडलेली भोके, गळके सांधे, काम करताना तुडवला गेलेला उष्णतारोधक थर. हिवाळ्यात एसी बंद असतो, तरी या फटींतून ऊब वर जातच राहते.

• आधी फटी, मग थर : हा क्रम महत्त्वाचा. काचतंतूचा थर उष्णतेचे वहन मंदावतो, वाहती हवा अडवत नाही. डक्टच्या सांध्यांना मॅस्टिक (फटी बुजवणारा लेप) लावतात. साधी कापडी टेप कालांतराने सुटते. फक्त थंड हवेसाठी असलेल्या जाळ्या हिवाळ्यात घट्ट झाकतात.

• मोजमाप : आर-मूल्य, म्हणजे थर उष्णता किती अडवतो याचे माप. थंड प्रदेशात माळ्याला आर-४९ ते आर-६०. आर-६० साठी काचतंतूचा थर साधारण अर्धा मीटर जाड लागतो.

• वायुवीजन : छप्पर थंड राहावे म्हणून गार हवा वळचणीतून आत, आढ्यापाशी बाहेर. नव्या थराने वळचणीचे झरोके बुजता कामा नयेत.