वारा केवळ ढकलतो काय?

पेडणे महालातील मोरजी-आश्व्याच्या किनाऱ्यावरून शिडाच्या फळीवर उभा राहून कोणी समुद्रात शिरू लागला, की बघ्यांपैकी एखादा सुशिक्षित गृहस्थ बिनदिक्कत निकाल देतो की, वारा नेईल तिकडे हा जाणार आणि याला आणायला मोटरबोटच धाडावी लागणार. हे विधान इतक्या वेळा कानी पडले आहे की, त्याचा एकदाचा खुलासा केलेला बरा.

तिरप्या धरलेल्या शिडाच्या फुगीर बाजूस हवेचा दाब कमी होऊन शीड तिकडे ओढले जाते. ही ओढ बरीचशी आडवी असली, तरी फळीखालचे पाते फळीला आडवे सरकू देत नाही, आणि बोटांच्या चिमटीत दाबलेला ओला चिंचोका जसा पुढे निसटतो तशी फळी पुढेच निघते. वाऱ्याच्या थेट तोंडावर जाता येत नाही, हे मान्य. त्याच्या दोन्ही बाजूंचा सुमारे ४५ अंशांचा टापू निषिद्धच. म्हणून वायव्येच्या वाऱ्यात मोरजीहून हरमल गाठू पाहणारा एक फेरा पश्चिमेस तर दुसरा उत्तरेस घेत, नागमोडी वाटेने चढत जातो. सुकाणू नसते, डोलकाठी मागे कलवली की फळीचे नाक वाऱ्याकडे वळते, पुढे कलवली की वाऱ्यापासून दूर. नवशिका घाबरून शीड अंगाशी घट्ट ओढतो, त्याने ओढ मरते, फळी आडवी वाहवते, आणि किनाऱ्यावरचे गृहस्थ म्हणतात, "बघा, सांगितले नव्हते?"

ज्यांना पदार्थविज्ञान मानवत नाही त्यांनी फत्तेमाऱ्यांचा, म्हणजे शिडाच्या जुन्या मालवाहू गलबतांचा, दाखला घ्यावा. गोव्याहून मुंबई उत्तर-वायव्येस, आणि हिवाळ्यात या किनाऱ्यावरचा दुपारचा वाराही बहुधा वायव्येचा. तरी मालाने भरलेल्या फत्तेमाऱ्या पहाटेची जमिनीकडून येणारी मतलई व दुपारचा समुद्रावरून येणारा खारा वारा यांची सांगड घालून मुंबईस पोहोचतच. किनाऱ्यालगतच्या या दोन वाऱ्यांसंबंधीचा मजकूर ईस्ट इंडिया कंपनीच्या जेम्स हॉर्सबर्गच्या नौकानयन-मार्गदर्शिकेत ज्याने त्याने पाहून खातरजमा करावी.

वारा पाठीशी घेणे सर्वांत सोपे, हीही समजूतच: वेग वाढला की अंगावरचा वारा तितकाच घटतो, तोल सावरायला शिडाची ओढ उरत नाही, आणि थोडे तिरपे जाणाराच अधिक लवकर पोहोचतो. दंडात बळ हवे, म्हणतात. भार खरा तोलायचा तो देहाच्या वजनाने. हा परदेशी पाहुण्यांचा खेळ, म्हणणाऱ्यांस २०२३ साली हांगझौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत विंडसर्फिंगचे कांस्यपदक मिळविणारा आपला इबाद अली ठाऊक नसावा. शिकायला समुद्रापेक्षा तलाव बरा, म्हणावे तर डिचोलीच्या मये तलावात पाणी शांत, पण भोवतालच्या डोंगरांमुळे वारा तुटक येतो, त्याचे काय? आणि पहाटेचा मंद वारा निर्धोक समजून फळी घेऊन निघणाऱ्याने एवढे पाहावे की, मतलई जमिनीकडून समुद्राकडे वाहते. दुपारचा खारा वारा चुकलेल्यालाही किनाऱ्याकडेच आणतो.