डालेक, अगदी हाताच्या अंतरावर

'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेवर एडिनबर्गच्या नॅशनल म्युझियम ऑफ स्कॉटलंडमध्ये 'वर्ल्ड्‌स ऑफ वंडर' हे प्रदर्शन डिसेंबर 2022 ते मे 2023 या काळात होतं. त्याआधी ते लिव्हरपूलला होतं. मी एडिनबर्गला पाहिलं आणि मालिकेतल्या डालेक या खलपात्रासमोरून पाय निघेना!

1963 साली बीबीसीचे डिझायनर रेमंड क्यूसिक यांनी डालेक घडवला. लेखक टेरी नेशन यांना पाय न दिसता सरकणारा प्राणी हवा होता. पायघोळ झग्यात तरंगत गेल्यासारख्या नाचणाऱ्या जॉर्जियन नर्तकींवरून त्यांना ते सुचलं. आत एक माणूस छोट्या बैठकीवर बसून पायांनीच अख्खा सांगाडा ढकलतो. संवाद मात्र दुसराच नट बोलतो. आणि पुढे आलेला तो हात? सिंक तुंबल्यावर वापरतो तो रबरी पंप! घरातल्या अशा वस्तूची दहशत बसवणं, ही खरी कारागिरी.

त्याच मालिकेतले 1966चे पहिले सायबरमेन तर मला जास्तच अस्वस्थ करतात. चेहऱ्यावर ताणून बसवलेलं कापड, डोक्यावर दिवा, छातीवर जडशीळ पेटी. पण हात उघडे, माणसाचेच. ते जुने भाग बघताना नजर त्या बोटांवर ठेवा.