आव पडते तेव्हा

गेल्या पावसाळ्यात एका घरी गेलो असता माउली हळूच म्हणाली, "फादर, पोरास चार दिवस आव पडते. कुड्याची साल उगाळून देते आहे." रक्त पडते काय, असे विचारता तिने मान खाली घालून होकार दिला. धर्मगुरूपुढे असले बोलावयास लाज वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तीच लाज डॉक्टरांपुढेही धरली तर जिवावर बेतते.

आतड्याचे अस्तर स्वतःच थोडी आव निर्माण करीत असते. तिच्यायोगे मळ सहज पुढे सरकतो. म्हणून प्रकृती ठीक असता क्वचित् बुळबुळीत अंश दिसल्यास घाबरू नये. वरचेवर पडू लागल्यास, मुरडा येऊन कुंथावे लागल्यास तपासून घ्यावे. रक्त वा ताप असल्यास मात्र त्याच दिवशी. रक्ताच्या आवेचा एक जंतू जपानच्या कियोशी शिगा यांनी १८९७ साली शोधला. दुसरे कारण अमीबा. दोहोंची औषधे निराळी, सबब शेजारच्यांच्या उरलेल्या गोळ्या देऊ नयेत. (हा शेजारधर्म नव्हे!)

तोवर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे ६ व मिठाचा अर्धा सपाट चहाचा चमचा विरघळवून घोटघोट पाजावे. अंगावरचे दूध तोडू नये. डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर सकाळचीही वाट पाहू नये.

पन्नाशी उलटलेल्यांनी रक्त पडून वजन उतरत असता मूळव्याध समजून गप्प बसू नये.

त्या पोरास आम्ही त्याच संध्याकाळी तालुक्याच्या दवाखान्यात नेले.